त्याईच्या घरी चुली किती?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या छपरीत पापड लाटता लाटता शेजारच्या आजीनं मला विचारलं, "बाई, त्याईच्या घरी चुली किती?" ते घर होतं एका इंग्रजी कादंबरीतलं: अमेरिकेत, मेरीलँड राज्यात, एका खाडीच्या काठी. घरात तीन जवान भाऊ आणि दहा वर्षांचं एक पोरगं. पुस्तक मी दोनदा वाचलं होतं, पण चुली काही मोजल्या नव्हत्या.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ग्रंथालय सांभाळते. सरकारी प्रतवारीत सगळ्यात खालचा, 'ड' वर्ग. तीन कपाटं, एक लांब टेबल, आणि लाइन असली तर फिरणारा पंखा. सकाळी पेपर वाचायला म्हातारे येतात, दुपारी पोलीस भरतीची पुस्तकं मागायला पोरं. बाया येत नाहीत. त्यांना वेळ नसतो, आणि टेबलाभोवती सगळे पुरुष बसलेले. म्हणून उन्हाळी कामांच्या दिवसांत मीच पुस्तक घेऊन त्यांच्यात जाऊन बसते. तेव्हा हात कामात असतात, कान मोकळे असतात.

ही पुस्तकं माझ्या धाकट्या भावाच्या मुलीनं आणली. ती नागपूरला शिकते. तिथल्या बर्डीच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून चार जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या उचलल्या आणि म्हणाली, "आत्या, प्रेमकथा आहेत. वाचशील ना?" मी जरा बिचकलेच. आमच्या पिढीनं चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या पेपरचं कव्हर घालून वाचल्या. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या 'श्यामा' कथेवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि १९६९ साली कोर्टानं त्यांना सोडलं. कोर्टानं सोडलं तरी आमच्या घरात पुस्तकावरचं कव्हर काही निघालं नाही!

तर या चार कादंबऱ्या नोरा रॉबर्ट्स या अमेरिकन लेखिकेच्या. 'सी स्वेप्ट' आणि 'रायझिंग टाइड्स' १९९८ सालच्या, 'इनर हार्बर' १९९९ ची, आणि पोरगं मोठं झाल्यावरची 'चेसापीक ब्लू' २००२ ची. माझं इंग्रजी बेताचं, शब्दकोश मांडीवर. पहिल्या पुस्तकाला मला दीड महिना लागला.

अशा मालिकांची एक रीत असते. एका पुस्तकात एका भावंडाचं जमतं, पुढच्यात दुसऱ्याचं. ज्याचं जमलं तो गोष्टीतून जात नाही. पुढच्या पुस्तकात तो बायकोसोबत स्वयंपाकघरात दिसतो, भांडतो, लेकरू खांद्यावर घेऊन फिरतो. शेवट गोड होणार हे पहिल्या पानापासून ठरलेलं असतं. आपल्याकडच्या प्रेमकथा लग्नाच्या मांडवात येऊन थांबतात. मांडवानंतर त्या दोघांचं काय झालं, हे सांगायला कोणी बसत नाही. मालिका वाचायची खरी गोडी मला तिथं लागली.

क्विन नावाचं हे घर. कॅम, ईथन आणि फिलिप हे तिघे सख्खे भाऊ नाहीत. तिघांनीही लहानपणी मारझोड, हाल सोसलेले, आणि एका प्राध्यापकानं व त्याच्या डॉक्टर बायकोनं त्यांना आपलं म्हणून वाढवलेलं. बायको आधीच गेलेली. म्हातारा अपघातात मरायला टेकतो आणि पोरांकडून शब्द घेतो, की सेथला सांभाळा. हा सेथ त्यानं अलीकडेच घरी आणलेला चौथा पोरगा. कॅम युरोपात बोटींच्या शर्यती मारत हिंडणारा, तो परत येतो. ईथन खाडीत खेकडे धरतो. फिलिप बाल्टिमोरला जाहिरातींच्या कंपनीत. तिघे मिळून लाकडी होड्या बांधायचा धंदा काढतात, आणि पोरगं ठेवू द्यायचं की नाही हे ठरवायला सरकारतर्फे एक बाई घरी येते. कॅमचं त्याच बाईशी जमतं. हे जमणं मला थोडं सोयीचं वाटलं, खरं सांगते. पण स्वयंपाक, धुणं, पोराची शाळा याच्यात अडकलेला कॅम मात्र अगदी खरा उतरलाय.

चेसापीकची ती खाडी तीनशे किलोमीटरहून लांब आहे. मी सांगितलं, नागपूरहून अकोला गाठलं तरी ती संपायची नाही. बायांना लांबीचं काही वाटलं नाही. खेकड्यांचं वाटलं. पहिल्या पावसात नाल्यावर खेकडे धरायला जायचं सगळ्यांना ठाऊक. ईथन पिंजऱ्यात आमिष घालून ते पाण्यात सोडतो आणि फिरून येऊन ओढतो, हे ऐकून एक जण म्हणाली, "म्हंजे बिळात हात घालाचं कामच नाही. मजा हाय बाप्पा!"

मग प्रश्न सुरू झाले. वावर, म्हणजे शेत, किती? वावर नाही. घर कोणाच्या नावावर? बहीण नाही काय? नाही म्हटल्यावर आजीला ते फार लागलं. "चार भाऊ न् बहीण नाही? मंग राखी कोन बांधते त्याईले?" आणि त्याच्या पाठोपाठ तो चुलींचा प्रश्न. मी म्हटलं, एकच. कॅमचं लग्न झालं तरी एकच. आजीनं लाटणं थांबवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पोथी वाचताना ओळ चुकवली.

दुसऱ्या पुस्तकावर आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो. ईथनचं ज्या बाईवर मन आहे ती ग्रेस. नवऱ्यानं सोडलेली, दोन वर्षांची मुलगी पदरात. लोकांच्या घरी झाडूपोछा करते, रात्री दारूच्या दुकानात गिऱ्हाइकांना वाढते. या भावांच्या घरी साफसफाईला येते तीच. ईथन वर्षानुवर्षं तोंड उघडत नाही. लहानपणी जे भोगलं त्यामुळं आपलं रक्तच वाईट, आपण बाप व्हायच्या लायकीचे नाही, असं त्यानं मनात धरलेलं. ती पानं मी सावकाश सांगितली. (मधली काही पानं उलटली. तिथं आलं की मला खोकला येतो, हे आता बायांनाही कळतं. त्या हसतात.)

आमच्यात एक जण आहे, चार वर्षांपूर्वी मुलीला घेऊन माहेरी परत आलेली. दिवसभर वेचणीला, निंदणाला जाते. ती कधी काही विचारत नाही. त्या दिवशी तिनं विचारलं, "पोरीसगट केलं त्यानं?"

मी म्हटलं, "हो, पोरीसकट."

तिनं पिठाची लाटी तेलात बुडवली, पोळपाटावर ठेवली आणि लाटायला लागली. तो पापड तिनं इतका पातळ लाटला, की उचलताना फाटला.

आता थोडं माझ्या घरचं. मला तीन भाऊ, एका मायच्या पोटचे. बाबा गेले आणि दोन वर्षांत अंगणात भिंत उभी राहिली. कडुनिंब भिंतीच्या एका बाजूला आणि त्याची सावली दुसऱ्या. मोठा आणि मधला धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, एकमेकांशी बोलत नाहीत. किती जागेसाठी? बैल वळवायला लागते तेवढ्या. मोजणी दोनदा आणली, खुणेचे दगड दोनदा हलले. २००५ च्या कायद्यानं लेकीलाही लेकासारखाच वाटा दिला, हे मला तेव्हा ठाऊक होतं. तरी मी हक्कसोडपत्रावर सही केली, माहेर तुटू नये म्हणून. त्या दिवशी तिघांनी मिळून मला एक साडी घेतली. त्या तिघांनी मिळून केलेली ती शेवटची गोष्ट.

त्यामुळं या पुस्तकांतल्या नायक-नायिकेपेक्षा मी त्या होडीच्या कारखान्यात जास्त वेळ बसले. हे तिघेही भांडतात, कॅम तर सरळ हाणामारीवर येतो. पण भांडून झालं की एकच फळी दोघं दोन टोकांना धरतात. रक्ताचं नातं नाही, मरणाऱ्याला दिलेला शब्द आहे. लेखिकेनं त्यांच्यामध्ये धुरा ठेवला नाही म्हणून हे सोपं झालं, असं माझी मोठी वहिनी म्हणते. "वावर असतं तं समजलं असतं," म्हणते. मला तिचं पुष्कळसं पटतं. पण भिंतीपलीकडून ऐकायला तीही येते, आणि मधलीही येते. एकमेकींशी बोलत नाहीत, पाटा दोघींच्या मध्ये असतो, आणि कॅमचं चुकलं की ईथनचं यावर मात्र दोघी माझ्यामार्फत वाद घालतात.

चौथं पुस्तक अर्ध्यावर आलं. सेथ मोठा होऊन, चित्रं काढायला शिकून युरोपातून परत आलाय. त्याची जन्मदाती त्याच्याकडून पैसे उकळते, आणि भावांना झळ नको म्हणून तो ते लपवून देत राहतो. त्याला फुलांचं दुकान चालवणारी एक पोरगी आवडलीय. एवढ्यावर मृग लागला. पाऊस आला, पापडाचे डबे बंद झाले, बाया पेरणीला गेल्या.

परवा मी बांधावरून चालले होते. आजी सरकी टोबत होती. मला पाहून वाकलेलीच मान वर केली आणि ओरडली, "बाई, त्या लहान्यानं भावाईले सांगतलं काय व?"

मी म्हटलं, "सत्तर पानं राह्यली, आजी."

"मंग पाऊस उघडू दे," म्हणाली, आणि पुढच्या सरीत सरकली.

नमस्कार.