टँकर कुठे होता?

(दृश्य : पूर्व द्रुतगती महामार्ग, घाटकोपर. सकाळची वाहतूक.)

हा पूर्व द्रुतगती महामार्ग. आणि त्याला अगदी खेटून ही वस्ती, माता रमाबाई आंबेडकर नगर.

11 जुलै 1997. सकाळी लोक उठून पाहतात तर बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार. कुणी कुणाला बोलवायची गरजच पडली नाही. माणसं घरातून निघाली ती थेट या रस्त्यावर. गाड्या थांबल्या. काही वेळात राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली. तुकडीचा प्रमुख, फौजदार मनोहर कदम. गोळीबार झाला. 10 माणसं गेली, 26 जखमी झाली.

(दृश्य : स्मारकावरची नावं. एक म्हातारा हात पदराने धूळ पुसतो. निवेदन नाही.)

पोलिसांचं म्हणणं असं, की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, स्फोट झाला असता तर परिसर उद्ध्वस्त झाला असता, म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या. ऐकणाऱ्याला पटावं असंच हे कारण.

(दृश्य : कॅमेरा पुतळ्यापासून महामार्गाच्या कडेने चालत जातो.)

पण मग टँकर उभे कुठे होते? गोळ्या कुठून सुटल्या? माणसं कुठे पडली? चौकशी फिरली ती याच प्रश्नांभोवती. न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार यांच्या आयोगापुढे वस्तीतली माणसं उभी राहिली. रोजंदारी बुडवून आली, प्रतिज्ञापत्रं दिली, वकिलांच्या उलटतपासणीला तोंड दिलं. गोळी लागलेले सगळे काही रस्ता अडवणारे नव्हते. ही गल्ली बघा. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. इथपर्यंत गोळ्या आल्या. जमाव पांगवायचा तर आधी इशारा, आणि वेळ आलीच तर नेम कमरेखाली, हे पोलिसांना शिकवलेलं असतं. इथे जखमा कमरेच्या वर होत्या.

1998 साली आयोगाचा अहवाल आला. टँकरची गोष्ट टिकली नाही. गोळीबार असमर्थनीय ठरला.

पण आयोगाचा अहवाल म्हणजे निकाल नव्हे. त्यासाठी खटला लागतो. 2009 साली सत्र न्यायालयाने कदम यांना सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप दिली, पुढे उच्च न्यायालयातून जामीन झाला.

(दृश्य : 11 जुलै. पुतळ्यापुढे पांढऱ्या साड्यांमधल्या बायका. मेणबत्त्या. महामार्गाचा आवाज तसाच चालू.)