दात पिवळे का पडतात? डाग दातावर आहे की दाताच्या आत?

नमस्कार! दात पिवळे दिसायला लागले की आपण काय करतो? ब्रश आणखी जोरात घासतो. कुणी लिंबू चोळतं, कुणी कोळशाची पावडर लावतं. कृपया हे आधी थांबवा, आणि का ते ऐका.

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. ते अर्धपारदर्शक असतं. त्याच्या खाली असतं डेंटिन, आणि ते मुळातच पिवळसर असतं. म्हणजे घासून घासून इनॅमल झिजवलंत, तर दात पांढरा होणार नाही, खालचा पिवळेपणा उलट जास्तच दिसेल. झिजलेलं इनॅमल परत येत नाही. वयानुसार दात पिवळसर होतात त्यामागेही बऱ्याच अंशी हेच आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता डाग. चहा, कॉफी, तंबाखू यांचे डाग दातावर बसतात. क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश बरेच दिवस वापरला तरी तपकिरी डाग पडतात. हे डाग आणि दातावर साचलेलं कीटण डेंटिस्ट स्केलिंग आणि पॉलिशिंग करून काढतात. 'स्केलिंगनं दात हलायला लागतात' ही भीती मनातून काढून टाका. साचलेल्या कीटणामुळे हिरड्या सैल होतात, आणि दात हलतात ते त्यामुळे.

पण काही रंग दाताच्या आतच असतो. दात घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, पोटात टेट्रासायक्लिन नावाचं अँटिबायोटिक गेलं तर करडे-तपकिरी पट्टे पडू शकतात. म्हणूनच हे औषध लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना सहसा देत नाहीत. त्याच वयात पाण्यातून जास्त फ्लोराइड गेलं तर पांढरे किंवा तपकिरी चट्टे येतात. हे डाग कितीही घासले तरी जात नाहीत. ज्यांना लहानपणापासून 'दात नीट घासत नाहीस' असं ऐकावं लागलं, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं: यात तुमची काहीच चूक नाही.

एकच दात काळपट पडला असेल, तर मात्र थांबू नका. कधीतरी मार लागून आतली नस मेलेली असू शकते, आणि ते दुखेलच असं नाही. एक्स-रे काढावा लागतो, बऱ्याचदा रूट कॅनाल करावं लागतं, आणि मग तो दात आतून ब्लीच करता येतो.

बाकीच्यांसाठी नेहमीचं ब्लीचिंग. त्यातलं पेरॉक्साइड इनॅमलमधून आत जातं आणि रंगाचे कण फोडतं. काही दिवस दात शिवशिवतात, ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं. टेट्रासायक्लिनच्या डागांना कधीकधी महिनोन्‌महिने लागतात. तरीही डाग हटले नाहीत तर व्हिनीअर (दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचा पातळ थर) किंवा कॅपचा विचार होतो, पण त्यासाठी बहुतेकदा दात थोडा तासावा लागतो, म्हणून तो मार्ग शेवटी.

आणि हो, ब्लीचिंगनं कॅप किंवा दातात भरलेलं सिमेंट पांढरं होत नाही. समोरच्या दातात सिमेंट भरलेलं असेल तर आधी ब्लीचिंग करा, साधारण दोन आठवडे रंग स्थिर होऊ द्या, आणि मग त्या रंगाला जुळणारं नवीन सिमेंट भरून घ्या.