स्वस्तातला रेडिएटर टाकलात, पण हवा काढलीत का?

नमस्कार मंडळी! आल्टोच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय, "बाजारातला स्वस्त रेडिएटर चालतो का?" चालतो. माझ्या गाडीत तोच आहे. ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या, ओरिजिनलही तसाच असतो. होसची (रबरी नळ्यांची) तोंडं जुन्याशी जुळवून बघा. फॅन जुनाच लावा. झाकण आणि क्लॅम्प मात्र नवे घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

बसवायचं कसं ते पटकन सांगतो. इंजिन पूर्ण थंड, जुनं कूलंट (इंजिन गार ठेवणारं, रेडिएटरमधून फिरणारं द्रव) खाली, दोन होस, फॅनचा प्लग, वरचे बोल्ट सोडवा आणि नवा तसाच जोडा. झालं.

आता हवा. हे नीट ऐका.

मी गोव्यातल्या साखळीत रेडिएटर बसवला, काठोकाठ भरला आणि संध्याकाळी बेळगावला निघालो. चोर्ला घाट अर्धाही चढलो नव्हतो, तापमानाचा काटा लालकडे. माल खराब निघाला असं वाटून मी दुकानदाराला फोनवर नको ते बोललो. त्याची चूक नव्हती. आत हवा अडकली होती. नंतर जाऊन माफी मागितली.

हवा असली की कूलंट फिरत नाही, रेडिएटर कितीही महाग असू दे. म्हणून गाडीचं तोंड चढाला करा, म्हणजे झाकण सगळ्यात उंच येतं. थंड इंजिनवर झाकण उघडून भरा, मग ते उघडंच ठेवून इंजिन चालू करा. वरचा होस दाबत राहा, बुडबुडे येतील. पातळी उतरेल तसं भरा. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत धीर धरा. उकळी वर येऊ लागली तर बाजूला व्हा आणि इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनचं झाकण उघडायचं नाही. कधीच नाही.

आणि हीटर फुल गरमवर ठेवा. "गोव्यात हीटर कशाला?" असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. अहो, हीटरमध्येही एक छोटा रेडिएटर असतो, त्याच कूलंटचा. हवा तिथेही दडून बसते. इंजिन तापलं तरी हीटर गारच वारा देत असेल, तर समजा हवा अजून आत आहे.

काट्यावरही विसंबू नका. सेन्सरभोवती कूलंटऐवजी हवा असेल तर काटा खाली दाखवतो आणि आत इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनवर, पातळी पुन्हा बघा. उतरली असेल तर भरा आणि हवा पुन्हा काढा.

भरायला विहिरीचं पाणी नको. किनाऱ्याजवळ तर त्यात खारेपणा असतो, तो नवी जाळी आतून खातो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं.

जुनं कूलंट अंगणात ओतू नका. ते गोड लागतं आणि विषारी असतं, वाड्यावरची कुत्री-मांजरं चाटतात. कॅनमध्ये भरा, घट्ट झाकण लावा, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.