दात पुट्सन, भांडी श्प्यूलन

हर्णै बंदर, संध्याकाळ. बैलगाड्या पाण्यात उतरल्यात, समोर सुवर्णदुर्ग. होडीतलं म्हावरं गाडीत, गाडीतलं वाळूवर, आणि वाळूवर लिलाव सुरू.

आता चित्राकडे थोडं दुर्लक्ष करा आणि कान द्या. इथे बोली लावतात, भाव पाडतात, जाळं ओढतात. ‘बोली ठेवली’ असं इथलं शेंबडं पोरही म्हणणार नाही. त्याला हे कुणी शिकवलं? कुणीच नाही. शब्द त्याच्या कानावर आला तोच जोडीनं.

बंदरावरची चढण चढून गेलं की ही पडवी लागते. सात मुली, एक मुलगा, सगळे नर्सिंग झालेले. शिकतायत जर्मन. २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि जर्मनीचं बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून या भाषेचं नाव गावागावांत पोचलंय.

ही वही जवळून बघा. निळ्या शाईत नाम, लाल शाईत क्रियापद. एकट्या निळ्या शब्दाला या वहीत जागा नाही, तो मॅडमचा नियम. आणि ही त्याच मुलीची जुनी वही, आधीच्या क्लासची. डावीकडे जर्मन, उजवीकडे मराठी, रोज चाळीस शब्द. अशा तीन वह्या भरल्या, तोंड काही उघडलं नाही.

“दात?” मॅडम विचारतात.
“घासतात.”
“भांडी?”
“घासतात.”
“जर्मनमध्ये?”
“दात पुट्सन, भांडीपण पुट्सन!”

पडवी हसते. दात पुट्सन बरोबर; भांड्यांना मात्र श्प्यूलन. चुकलं तरी समोरच्याला कळेल, हे मॅडमही मान्य करतात. पण सगळीकडे असं चालत नाही. ‘आबनेमन’ हे क्रियापद घ्या. एकटं आलं तर बहुधा वजन कमी होणं. टेलिफोनच्या रिसीव्हरसोबत आलं तर तो उचलणं. आणि ‘ब्लूट’, म्हणजे रक्त, सोबत असलं की तपासणीसाठी रक्त काढणं. वॉर्डात उभ्या नर्सनं यातलं कुठलं पाठ करायचं?

आपणही काही कमी नाही. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, फोन लागतो, वेडही लागतं. एखाद्या जर्मन माणसाला नुसतं ‘लागणे’ पाठ करायला सांगून बघा!

शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, असं जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञानं १९५७ मध्ये लिहिलं. १९९३ मध्ये मायकेल लुईस यांनी त्यावर शिकवण्याची अख्खी पद्धतच मांडली: व्याकरणाच्या सांगाड्यात सुटे शब्द भरू नका, तयार जोड्या द्या. पण त्याच्या कितीतरी आधी, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत नामापुढे त्याची क्रियापदं दिलेली सापडतात. कर, हो, लाग, ये. मराठी शिकणाऱ्या साहेबाची सोय बघितली होती. आपल्या पोरांच्या हातात मात्र अजून चाळीस शब्दांची यादी पडते.

भिंतीवर या चिठ्ठ्या. फीबर मेसन, ताप बघणं. फरबांट वेक्सेल्न, पट्टी बदलणं. एक चिठ्ठी गंमत म्हणून: फ्रागं श्टेलन. आपण प्रश्न विचारतो, जर्मन माणूस तो समोर उभा करतो. पावसाळ्यात चिठ्ठ्या ओलसर होऊन गळून पडतात, मग पुन्हा लिहायच्या. तेवढीच उजळणी.

परीक्षा पुण्यात झाली, तिथं आमचा कॅमेरा नव्हता. दोघी पास झाल्या, बाकीचे पुन्हा बसणार आहेत.

पुन्हा बंदर. टोपल्यांच्या गराड्यात आई बसलीय, लेकीनं तिच्या दंडाला पट्टा गुंडाळलाय.

“ब्लूटड्रुक मेसन,” लेक पुटपुटते.

“अगो, हात सोड. म्हावरं थांबणार नाय माझ्यासाठी.”

पट्टा फुगतोय. मागे लिलाव पुकारला जातोय.