पाणी कुणाच्या हातात

हा ऊस नीट पाहून ठेवा. इजिप्तचे दिग्दर्शक यूसुफ शाहीन यांच्या 1954 सालच्या 'सिराअ फिल-वादी', म्हणजे 'खोऱ्यातला झगडा', या कृष्णधवल चित्रपटातलं प्रेम याच पिकापायी पणाला लागतं.

गाव वरच्या इजिप्तमधलं. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, म्हणून तिथे दक्षिण भागालाच 'वरचा' म्हणतात. जमीनदार आहे ताहिर पाशा. 'पाशा' हा राजदरबारचा किताब. त्याच्या खालोखाल बे, मग एफेंदी, म्हणजे चार बुकं शिकलेला नोकरदार. तळाशी फल्लाह, जमीन कसणारा. नायक अहमद हा पाशाच्या शेतीचा कारभार पाहणाऱ्या साबिर एफेंदींचा मुलगा. अशा कारभाऱ्याला अरबीत 'नाझिर' म्हणतात. आपल्या कोर्टातला नाझर हा तोच शब्द. आणि अहमदचा जीव जडलाय तो पाशाच्या मुलीवर, आमालवर.

अहमद शेतकी इंजिनियर आहे. त्याच्या मदतीने गावकऱ्यांचा ऊस पाशाच्या उसापेक्षा सरस निघतो, आणि तिथेच ठिणगी पडते. पाशा उभ्या पिकात पाणी सोडतो.

यात किती क्रौर्य आहे, हे ऊस लावणाऱ्याला वेगळं सांगायला नको. उसाला पाणी लागतं, पण तुंबलेलं पाणी त्याला सोसत नाही. मातीतली हवा निघून जाते, मुळं गुदमरतात, ऊस लोळतो, रसातली साखर घटते आणि उतारा, म्हणजे गाळलेल्या उसातून मिळणारी साखर, खाली येतो. बुडखे कुजले तर खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, तेही हाती लागत नाही. वर्षभर जपलेलं पीक असं जातं, म्हणजे घराचं वर्ष जातं.

पुढे गावातले शेख अब्दुस्सलाम यांचा खून होतो. आळ येतो साबिर एफेंदींवर. ते निर्दोष आहेत हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, आणि तरीही त्यांना फाशी होते. शाहीन इथे सुटकेचा कुठलाही दरवाजा उघडत नाहीत. या चित्रपटाचं सगळ्यात मोठं धाडस आम्हाला इथेच दिसतं. आता अहमद आणि आमाल यांच्यामध्ये नुसता किताब उरलेला नाही, एक मढं आहे.

काळही लक्षात घ्या. जुलै 1952 मध्ये लष्कराने राजाला पदच्युत केलं, पाठोपाठ पाशा-बेसारखे किताब रद्द झाले. सप्टेंबरमध्ये जमीनसुधारणा कायदा आला: एका मालकाकडे जास्तीत जास्त 200 फेद्दान, म्हणजे सुमारे 84 हेक्टर. पडद्यावरचा पाशा 1954 च्या प्रेक्षकाला कालपरवाचाच होता.

अहमद झालेल्या ओमर शरीफ यांचा हा पहिलाच चित्रपट. आमालच्या भूमिकेतल्या फातेन हमामा मात्र 1940 पासून पडद्यावर होत्या, नावाजलेल्या होत्या. सेटवर मोठं नाव तिचं, नवखा तो. 1955 मध्ये दोघांनी लग्न केलं.

शेवटचा पाठलाग कर्नाकच्या प्राचीन मंदिरात. तिथल्या सभामंडपात 134 दगडी खांब आहेत, मधले 12 सुमारे 21 मीटर उंच. एकेका खांबाआड आख्खा माणूस लपतो, म्हणून दोन पावलांवरचा शत्रूही दिसत नाही. शेखांचा मुलगा सलीम बापाचा सूड घ्यायला अहमदला शोधतो आहे. उन्हाच्या पट्ट्यातून सावलीत, सावलीतून पुन्हा उन्हात. ज्याला तो मारायला निघालाय, त्याचाही बाप त्याच खुनापायी गेलेला आहे.