शोधणारे आणि तर्क लढवणारे

नमस्कार. विषय जड आहे, म्हणून प्रस्तावना टाळतो आणि थेट एका घटनेवर येतो.

इंग्लंडच्या वायव्येला लँकेशर परगण्यात वायर नावाची एक लहान नदी आहे. तिच्या काठी सेंट मायकल्स ऑन वायर हे गाव. २७ जानेवारी २०२३, शुक्रवारची सकाळ. पंचेचाळीस वर्षांची एक बाई दोन्ही मुलींना शाळेत सोडते आणि रोजच्यासारखी कुत्र्याला घेऊन नदीकाठच्या पायवाटेने फिरायला निघते. ऑफिसची ऑनलाइन मीटिंग असते, ती फोनवर ऐकत असते. थोड्या वेळाने वाटेवरून जाणाऱ्यांना कुत्रा एकटाच हिंडताना दिसतो. फोन बाकावर पडलेला, मीटिंगचा कॉल तसाच चालू. कुत्र्याच्या अंगात घालायचा पट्टा बाक आणि नदी यांच्या मध्ये पडलेला. बाईचा पत्ता नाही.

तिचं नाव मी घेणार नाही. तेव्हा ते जगभर झालं. तिच्या मुली अजून लहान आहेत, आणि आणखी एका सभागृहात ते नाव उच्चारलं जाण्याची काही गरज नाही.

आठवड्याभरातच पोलिसांनी आपला कयास जाहीर केला. ती नदीत पडली असावी, दुसऱ्या कुणाचा हात असल्याचा पुरावा नाही, असं ते म्हणाले. लोकांना ते पटलं नाही, आणि न पटण्याची कारणं वरवर पाहता चांगली होती. कुत्रा कोरडा कसा? किंकाळी कुणी कशी ऐकली नाही? पाण्यात पडली तर फोन बाकावर कसा? असे प्रश्न मनात येणं मी चूक मानत नाही. तपास अधिकाऱ्यांनाही हेच प्रश्न पडले असणार. फरक पुढे पडला. अधिकारी उत्तर मिळेपर्यंत प्रश्न उघडा ठेवतात. मोबाइलवर बातमी पाहणाऱ्या माणसाला रात्री झोपण्याआधी उत्तर हवं असतं.

मग उत्तरं आली. नदीपलीकडे एक ओसाड घर होतं, तिला तिथेच ठेवलं असणार असं ठरलं, आणि लोक कॅमेरे घेऊन त्या घरापाशी पोचले. गावात एक लाल गाडी दिसली होती म्हणे, तर त्या गाडीवर चर्चा सुरू झाली. लांबलांबून गाड्या करून लोक येऊ लागले, दुसऱ्यांच्या आवारात शिरून चित्रीकरण करू लागले. काठावरून लोकांना हटवण्यासाठी पोलिसांना आदेश काढावे लागले. स्थानिक परिषदेच्या नगरसेवकांना इतके विचित्र फोन आणि ईमेल आले की परिषदेला संकेतस्थळावरून त्यांचे संपर्क काढून टाकावे लागले. काही शेकडा घरांचं ते गाव. ज्या गावाने पहिल्या दिवशी स्वतः काठ धुंडाळला, त्याच गावातल्या माणसांकडे आता संशयाने पाहिलं जात होतं.

सगळ्यात जास्त भोगलं तिच्या घरच्या माणसांनी. तिचा जोडीदार टीव्हीवर मुलाखत द्यायला आला, कारण चेहरा दिसला तर कुणाला तरी काही आठवेल ही त्याची आशा. पाहणाऱ्यांनी त्याचा चेहरा वाचायला घेतला. हा रडत का नाही? हा ‘होती’ म्हणाला की ‘आहे’ म्हणाला? तो हसला का मधेच? जिचा शोध लागत नाही अशा माणसाच्या घरी दोन लहान मुलींना रात्री काय सांगायचं हे ज्याला ठरवायचं होतं, त्याच्या पापण्यांची उघडझाप मोजत अनोळखी माणसं बसली होती. दुःखात माणूस कसा दिसतो याचा कुठलाही ठरलेला नमुना नाही. आपल्याकडेही मयताच्या घरी कुणी धाय मोकलून रडतं, कुणी चहाच्या कपांची व्यवस्था पाहत असतं. दोघांचंही माणूस गेलेलं असतं.

याच काळात पाण्यात बुडी मारून शोध घेणाऱ्यांचं एक खासगी पथक आलं. त्यांनी सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं शोधणारं यंत्र, घेऊन तीन दिवस नदीचा तळ पाहिला, आणि त्या पट्ट्यात ती नाही असं पथकप्रमुखाने कॅमेऱ्यासमोर सांगितलं. ‘या पट्ट्यात नाही’ याचं लोकांनी ‘नदीत नाहीच’ असं करून टाकलं.

पोलिसांचीही बाजू घ्यायची माझी इच्छा नाही. १५ फेब्रुवारीला त्यांनी पत्रकार परिषद घेतली आणि त्यानंतर त्या बाईच्या प्रकृतीच्या, अगदी खासगी अडचणी जाहीर करून टाकल्या. देशाच्या गृहमंत्र्यांपर्यंत नाराजी व्यक्त झाली. पुढे पोलिसांच्याच व्यावसायिक संस्थेने, म्हणजे कॉलेज ऑफ पोलिसिंगने, नोव्हेंबर २०२३ मध्ये परीक्षण अहवाल दिला. ती माहिती उघड करणं टाळता येण्यासारखं होतं आणि त्याची गरजही नव्हती, असं त्यात म्हटलं आहे. अहवालातला दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पोलीस पत्रकारांशी पुरेसं बोललेच नाहीत, माहितीची पोकळी तयार झाली, आणि ती तर्कांनी भरली. जिथे अधिकृत माणूस गप्प बसतो तिथे अनधिकृत माणूस बोलणारच. हे आपल्याकडच्या प्रत्येक पोलीस ठाण्याने लिहून ठेवावं.

१९ फेब्रुवारीला, रविवारी, नदीकाठी चालत आलेल्या दोघांना वेतासारख्या उंच गवतात तिचा मृतदेह दिसला. जिथून ती नाहीशी झाली तिथून साधारण मैलभर खाली. जून २०२३ मध्ये मृत्यूची न्यायालयीन चौकशी झाली. निष्कर्ष: अपघाताने पाण्यात पडून बुडून मृत्यू.

आता त्या प्रश्नांची उत्तरं पाहा, कारण ती खरोखर समजून घेण्यासारखी आहेत. जानेवारीत त्या नदीचं पाणी चार अंश सेल्सिअसच्या आसपास होतं. इतक्या थंड पाण्यात अचानक पडलं की शरीर आपोआप जोरात श्वास आत ओढतं. इच्छा असो वा नसो, तो थांबवता येत नाही. डोकं पाण्याखाली असेल तर हवेच्या जागी पाणी आत जातं. किंकाळी फोडायला लागणारा श्वासच उरत नाही. चांगला पोहणारा माणूसही काही क्षणांत हतबल होतो. मग तीन आठवडे शरीर का सापडलं नाही? बुडालेलं शरीर आधी तळाशी जातं आणि कुजताना आत वायू तयार झाला की वर येतं. पाणी थंड असलं की ही प्रक्रिया फार मंदावते. सोनारला मोकळा तळ दिसतो, गवताच्या दाटीत अडकलेलं काही त्याला नीट दिसत नाही. शिवाय बंधाऱ्याखाली त्या नदीला समुद्राची भरती-ओहोटी लागते, त्यामुळे वस्तू एका जागी राहत नाही. पोहणं, थंडी, नदी यांचा अभ्यास असलेल्याला यात नवल काही नव्हतं. पण हे उत्तर नीरस आहे. यात खलनायक नाही, आणि लोकांना माणूस हवा होता.

दहा वर्षं मागे जाऊ. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरात ब्राऊन विद्यापीठ आहे. तिथला एक भारतीय वंशाचा विद्यार्थी मार्च २०१३ मध्ये खोलीतून निघून गेला. तो काही काळ नैराश्यात होता. घरच्यांनी शोधासाठी फेसबुकवर पान उघडलं, फोटो टाकले, ‘घरी ये, आम्ही वाट पाहतोय’ अशा अर्थाचे निरोप ठेवले. १५ एप्रिलला बॉस्टन मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यावर दोन स्फोट झाले. तीन जण गेले, अडीचशेहून जास्त जखमी झाले. १८ तारखेला एफबीआयने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने, दोन संशयितांचे धूसर फोटो प्रसिद्ध केले. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर हजारो लोक आधीपासून गर्दीचे फोटो चाळत बसले होते. कुणाला तरी वाटलं, यातला एक जण त्या हरवलेल्या मुलासारखा दिसतो. त्याच रात्री पोलिसांच्या रेडिओवर त्याचं नाव ऐकू आल्याची आवई उठली, आणि पहाटेपर्यंत तो मुलगा जगभर बॉम्बस्फोटाचा आरोपी झाला. सकाळी खरी नावं कळली, ती दोन भावांची होती आणि याचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता.

त्या एका रात्रीत कुटुंबाच्या पानावर इतक्या शिव्या आल्या की त्यांना ते पान बंद करावं लागलं. मुलाला घरी बोलावण्यासाठी उघडलेलं पान. आई, वडील, भावंडं रात्रभर वाहिन्यांचे फोन घेत बसली. २३ एप्रिलला सीकाँक नदीत त्याचा मृतदेह मिळाला. रेडिटच्या व्यवस्थापकांनी कुटुंबाची जाहीर माफी मागितली. माफी मागितली हे चांगलंच झालं, पण ज्या पानावर तो मुलगा जिवंत असताना निरोप वाचू शकेल अशी आशा होती ते पान माफीने परत उघडत नाही.

त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या एका जुन्या हॉटेलात कॅनडाची एक विद्यार्थिनी नाहीशी झाली. लिफ्टमधलं तिचं चित्रण पोलिसांनी प्रसिद्ध केलं आणि लाखो लोकांनी ते सेकंदासेकंदाने तपासलं. मेक्सिकोतला एक संगीतकार वर्षभरापूर्वी त्याच हॉटेलात राहून गेला होता, म्हणून त्याला खुनी ठरवलं. ती गेली तेव्हा तो त्या देशातसुद्धा नव्हता. तिचा मृतदेह हॉटेलच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत मिळाला आणि मृत्यू अपघाती ठरला. तीन ठिकाणं, तिन्हीकडे उत्तर जवळच्या पाण्यात होतं, आणि तिन्हीकडे बोट एका जिवंत किंवा मेलेल्या निरपराध माणसाकडे गेलं.

हे परदेशातलं, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणू नये. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज त्या आठवड्यांत व्हॉट्सअॅपवर फिरत होते. मंगळवेढ्याकडचे पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत तिथे आले होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठार मारलं. त्या गावात मूल हरवलेलं नव्हतंच. कुणीतरी हरवेल या भीतीवर रचलेला तर्क पुरेसा झाला. लँकेशरमध्ये तर्काने माणसाची अब्रू घेतली, राईनपाड्यात जीव घेतला. मला या दोन्ही घटना एकाच वाटेवरच्या वाटतात, आणि ते म्हणताना मी शब्द तोलून वापरतो आहे.

मग सामान्य माणसाने काही करूच नये का? असं मी अजिबात म्हणत नाही. हौशी माणसांनी अशी कामं केली आहेत की पोलिसांनी मान खाली घालून आभार मानावेत. १९६८ मध्ये अमेरिकेत केंटकी राज्यात जॉर्जटाऊनजवळ हिरव्या ताडपत्रीत गुंडाळलेला एका तरुण बाईचा मृतदेह मिळाला. ओळख पटली नाही. लोकांनी तिला ‘टेंट गर्ल’ म्हटलं, थडग्यावरही तेच कोरलं, आणि वय सोळा ते एकोणीस असं लिहिलं. टॉड मॅथ्यूज नावाच्या टेनेसीतल्या एका कारखाना कामगाराने या प्रकरणाचा ध्यास घेतला. तो मृतदेह ज्याला सापडला होता त्याचाच हा जावई. इंटरनेट आल्यावर तो रात्र रात्र हरवलेल्यांच्या जाहिराती वाचत बसे. १९९८ मध्ये त्याला एका बहिणीची नोंद दिसली. तिची बहीण १९६७ च्या अखेरीस केंटकीतल्याच लेक्सिंग्टनमधून नाहीशी झाली होती, वय चोवीस, पदरात लहान मूल. थडग्यावरचं वय जुळत नव्हतं. तरी त्याने तिला लिहिलं, पोलिसांना कळवलं. मृतदेह पुन्हा बाहेर काढला, डीएनए तपासला, जुळला. तीस वर्षांनी थडग्यावर नाव आलं.

तो तीस वर्षं जुना खून होता, खुनी कोण याचे तर्क लढवायला त्यालाही भरपूर जागा होती. त्याने ती सोडून दिली. त्याने फक्त एका बेनाव मृतदेहाची एका हरवलेल्या नावाशी गाठ घातली, आणि ती गाठ बरोबर आहे की नाही हे ज्यांना तपासता येतं त्यांच्या हाती दिली.

आणि आपल्या मुंबईतलं उदाहरण. अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक राजेंद्र धोंडू भोसले हरवलेल्या मुलींचा शोध घेत. २००८ ते २०१५ या काळात नोंद झालेल्या १६६ मुलींपैकी १६५ सापडल्या. राहिली एक, जानेवारी २०१३ मध्ये शाळेत जाताना नाहीशी झालेली सात वर्षांची मुलगी. २०१५ मध्ये भोसले निवृत्त झाले, पण तिचा फोटो बाळगून शोध घेत राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये ती घरी आली, सोळा वर्षांची होऊन. ती घरापासून फार लांब नव्हतीच. जिथे ती काम करत होती तिथल्या एका मोलकरीण बाईला तिची हकीकत कळली. त्या बाईने मोबाइलवर शोध घेतला तेव्हा २०१३ मधलं ‘हरवली आहे’चं पोस्टर सापडलं. पोस्टरवरच्या फोन नंबरांपैकी एकच चालू होता, शेजाऱ्यांचा. तिने तो लावला.

त्या बाईने कुठे व्हिडिओ केला नाही, कुणाला आरोपी ठरवलं नाही. एक नंबर लावला. तिचं हे काम मला या सगळ्या तर्कपंडितांच्या हजारो तासांपेक्षा मोठं वाटतं.

म्हणून शेवटी काही कामाच्या गोष्टी सांगतो. माणूस हरवलं तर चोवीस तास थांबावं लागतं हा समज खोटा आहे, असा कुठलाही नियम नाही. लगेच पोलीस ठाण्यात जा, नोंद करा, ११२ ला फोन करा. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशांनुसार अपहरणाचा गुन्हा धरूनच तपास सुरू व्हायला हवा. पोलीस फक्त अर्ज घेऊन पाठवत असतील तर हे ठामपणे सांगा. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. पोस्टर करताना तारीख, ठिकाण, अंगावरचे कपडे, पोलीस ठाण्याचं नाव आणि दोन-तीन असे नंबर टाका जे वर्षानुवर्षं बदलणार नाहीत. तुमच्याकडे असा मेसेज आला तर पुढे पाठवण्याआधी त्यावरच्या नंबरला फोन करून विचारा, माणूस सापडलं का. खूपदा सापडलेलं असतं. आणि सापडलं की तो फोटो आपल्या ग्रुपमधून काढा, ज्यांना पाठवला त्यांनाही काढायला सांगा. मूल अत्याचारातून सुटून आलं असेल तर त्याची ओळख उघड करणं पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि जुना मेसेज फिरत राहिला तर ती ओळख आपल्याच हातून उघड होत राहते.