ट्रकच्या डोळ्यांवर सायकल बांधू नका

नमस्कार मंडळी. मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? बरं. मला चाळीस मिनिटं दिलीयेत आणि विषय आहे इलेक्ट्रिक पिकअप ट्रकवर सायकली कशा न्यायच्या की ट्रकचे सेन्सर झाकले जाणार नाहीत. इथे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये आपल्या सायकलवाल्या ग्रुपमधल्या निदान सहा-सात घरांत आता असा ट्रक आहे, म्हणून मीच आयोजकांच्या मागे लागलो की मला हे एकदा नीट सांगू द्या.

सुरुवात मिरजेपासून करतो. आमच्या वडिलांचं मिरजेत सायकलचं दुकान होतं. लुधियानाहून सुटे भाग यायचे, दुकानात फिटिंग व्हायचं आणि खेड्यावरचं गिऱ्हाईक नवीकोरी सायकल घेऊन थेट एसटी स्टँडवर जायचं, कारण पंचवीस-तीस किलोमीटर पहिल्याच दिवशी कोण चालवत नेणार. मग ती सायकल एसटीच्या टपावर चढायची. कंडक्टर सामानाचं तिकीट फाडायचा आणि बांधायला कित्येकदा वडील स्वतः वर जायचे, जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या घेऊन, काथ्या नाही, काथ्याने रंग जातो. त्यांचे दोन नियम. एक, चाक बांधायचं नाही, सांगाडा बांधायचा, चाक फिरतं आणि गाठ सैल होते. दुसरा नियम जास्त कडक होता, मागच्या शिडीचं तोंड मोकळं पाहिजे. सायकल कितीही छान बसली तरी शिडीवर आली की खोल आणि परत बांध. पुढच्या स्टॉपवर कोणीतरी भाजीची पाटी घेऊन वर चढणार असतं, त्याला सायकल दिसणार नाही, अंधारात पाय अडकेल. हे मी दहा वर्षांचा असताना खाली उभा राहून पाहिलंय. ती शिडी लक्षात ठेवा, आपल्याला ती परत लागणारे.

आता इकडे कॅलिफोर्नियात या. सायकल आणि पिकअप यांचं नातं इथे फार जुनं आहे आणि ते आपल्या दारातच जुळलंय. पुलापलीकडे मॅरिन काउंटीत फेअरफॅक्स गावाजवळ १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये डोंगरावरून खाली सायकलींची पहिली रीपॅक शर्यत झाली. जाड टायरच्या जुन्या जड सायकली, ब्रेक उलटं पेडल मारून लागणारा, तो मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात. खाली येईपर्यंत हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि प्रत्येक उतारानंतर हब उघडून परत ग्रीस भरायला लागायचं, म्हणून नाव रीपॅक. आज आपण ज्याला माउंटन बाइकिंग म्हणतो त्याची मुळं तिथे आहेत. आणि त्या जड सायकली वर जायच्या कशा? बऱ्याचदा पिकअपच्या मागे टाकून. त्या ट्रकला मागे डोळे नव्हते, कान नव्हते, त्यामुळे सायकल कशीही टाकली तरी चालायचं. कोणी हब उघडून पाहिलाय का इथे? दोन हात वर. या लोकांशी मी नंतर बोलणार आहे.

तर आता माझी गोष्ट. ट्रकचं, दुकानाचं नाव घेत नाही. दोन वर्षांपूर्वी ट्रक घेतला आणि मागच्या फळीवर टाकायची ती गादी घेतली, टेलगेट पॅड म्हणतात ते. तुम्ही पाहिलं असेल, पुढचं चाक आणि फोर्क, म्हणजे चाक धरणारा दुफाटा, फळीच्या बाहेर लटकतात, बाकीची सायकल आत, खालची नळी गादीवर टेकते, वेल्क्रोचा पट्टा. पाच मिनिटांत चार सायकली. दुकानात मी विचारलं की कॅमेऱ्याचं काय, तर ते म्हणाले कॅमेऱ्यासाठी झडप आहे, ती वर करून ठेवा. आणि बंपरमधल्या सेन्सरचं? त्यांना काही होत नाही, हजारो लोक वापरतात. मी मान डोलावली.

पहिल्याच लांबच्या ट्रिपला आम्ही डोंगरातल्या डाउनीव्हिल गावाला सायकली चालवायला गेलो, मी, बायको आणि माझा मित्र, तिघांच्या तीन सायकली. निघताना घरातून गाडी रिव्हर्स घेतली तर एकसारखा बीऽऽप. सलग. खाली उतरून बघितलं, मागे काही नाही. मग लक्षात आलं की मित्राच्या सायकलचं पुढचं चाक बंपरवरच्या त्या नाण्याएवढ्या गोल सेन्सरच्या अगदी समोर लोंबतंय, वीतभर अंतरावर. पहाटेचे साडेपाच, शेजारी झोपलेले, मी स्क्रीनवर जाऊन मागचा पार्किंग अलर्ट बंद केला. एक बटण. त्या बटणाबद्दल मला आज सगळ्यात जास्त बोलायचंय.

दोन दिवस मजा केली, धूळ तर काय विचारू नका, तिथली माती मैद्यासारखी बारीक. परतीला चार्जिंगला एका हॉटेलच्या मागे थांबलो. आमच्या ट्रकचं चार्जिंगचं तोंड पुढे डावीकडे आहे, म्हणून नाक आत घालून लावला. चाळीस मिनिटांनी निघायचं म्हणून रिव्हर्स. ट्रकच्या मागे, चार्जरच्या पलीकडच्या बाजूला ट्रान्सफॉर्मरची हिरवी पेटी, तिच्याभोवती सिमेंट भरलेले पिवळे खांब, कमरेएवढे. स्क्रीनवर बघतो तर नुसतं राखाडी, कारण गादीची झडप धक्क्यांनी खाली आलेली आणि कॅमेऱ्यावर कापड. आतल्या आरशात सायकलींचे हँडल. बाजूच्या आरशात खांब दिसत नाही, तो बरोबर मध्ये. मनात कुठेतरी असं होतं की काही आलं तर ट्रक ओरडेलच. तो ओरडला नाही. मी त्याला दोन दिवसांपूर्वी गप्प केलं होतं. आवाज आला तो वेगळाच, सुकी फांदी मोडल्यासारखा.

मित्राच्या सायकलचा फोर्क. खाली उतरून टॉर्च लावला, ज्या खोबणीत ॲक्सल, चाकाचा आस, बसतो तिथे केसाएवढी चीर, नखाला लागत होती, वरच्या चकचकीत नळीवर पिवळ्या रंगाचा ओरखडा. चाक वाकलेलं. मित्र काही बोलला नाही, चाक हाताने फिरवून बघत राहिला, ते एकदा फ्रेमला घासायचं, एकदा सुटायचं. फोर्क मी भरून दिला. पण त्या रात्री झोप लागली नाही ती पैशासाठी नाही. आम्ही चार्जिंग करत असताना तिथेच, त्या खांबांच्या मधे, एका कुटुंबाची दोन लहान मुलं खेळत होती. आम्ही निघायच्या जरा आधी ती आत गेली.

तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. झाकलेला सेन्सर नुसता आंधळा होत नाही, तो खोटं बोलायला लागतो. आणि खोटं बोलणाऱ्याला आपण गप्प करतो, मग तो खरं बोलायच्या वेळीही गप्पच असतो.

आता तो खोटं का बोलतो ते. बंपरवरच्या त्या गोल बटणातून माणसाला ऐकू न येणारा आवाज निघतो आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरवरच्या भिंतीचा प्रतिध्वनी जवळपास ६ मिलिसेकंदांत परत. तुमचं टायर २० सेंटिमीटरवर लोंबत असेल तर त्याचा आवाज सव्वा मिलिसेकंदाच्या आत येऊन पोचतो, सगळ्यांच्या आधी, मग त्यामागे खांब असो की पोर, ट्रकच्या लेखी सगळ्यात जवळचं म्हणजे टायर. दुसरा प्रकार रडारचा. तो बऱ्याचदा प्लॅस्टिकच्या बंपरच्या आत कोपऱ्यात लपलेला असतो, दिसत नाही, नव्या गाड्यांत बहुतेक ७७ गिगाहर्ट्झवर चालतो, लहर चार मिलिमीटरची. प्लॅस्टिकमधून जातो, धातूवरून परत येतो. आपल्यातले काही जण म्हणतात माझी फ्रेम कार्बनची आहे, रडारला दिसणार नाही. तसं नाहीये. कार्बन फायबर वीज वाहून नेतो, त्यामुळे तोही रडारला परतवतो. शिवाय ओला चिखलही रडारला अडवतो. तिसरा प्रकार कॅमेऱ्याचा, अमेरिकेत मे २०१८ पासून प्रत्येक नव्या गाडीला मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, आणि पिकअपमध्ये तो बहुधा फळीच्या हँडलपाशी असतो, म्हणजे बरोबर जिथे आपण गादी टाकतो.

किती वाजले? दहाच मिनिटं? बरं, मग जे सांगायला आलो ते आता भरभर सांगतो, प्रश्न नंतर.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे हौद्याच्या, ट्रकच्या मागच्या उघड्या भागाच्या, आत. पुढचं चाक काढा, फोर्क आडव्या दांड्यावरच्या क्लॅम्पमध्ये बसवा, सायकल उभी. २९ इंची चाकाची सायकल पुढचं चाक काढल्यावर साधारण १५५-१६० सेंटिमीटर भरते. रिव्हियनच्या इलेक्ट्रिक पिकअपचा हौदा साडेचार फूट, १३७ सेंटिमीटर, त्यात सरळ बसणार नाही, तिरकी लावा, नाहीतर फळी उघडी ठेवावी लागते आणि फळी उघडली की तिच्यावरचा कॅमेरा जमिनीकडे बघतो. फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंग या इलेक्ट्रिक पिकअपचा साडेपाच फूट, त्यात सरळ बसते. टेस्लाच्या सायबरट्रकचा सहा फूट, आरामात. हँडल ऐंशी सेंटिमीटर रुंद असतात, म्हणून एक सायकल पुढे तोंड, दुसरी मागे तोंड. ॲक्सलचं माप आधी बघा, १५ मिलिमीटरच्या फोर्कला जुना ९ मिलिमीटरचा क्लॅम्प चालत नाही.

ई-बाइक असेल, पंचवीस किलोची, तर ती उचलून वर चढवणं सगळ्यांना जमत नाही, तिथे मागे हिचवरचा, म्हणजे ट्रेलर ओढायच्या जोडावर बसणारा, रॅक लागतोच. मान्य. पण मग हे माहीत पाहिजे की ट्रेलर जोडला की सात पिनांचा प्लग लागतो आणि त्यावरून ट्रकला कळतं की मागे काहीतरी आहे, तो मागचे सेन्सर स्वतःच बाजूला ठेवतो. सायकलच्या रॅकला बहुतेक वेळा वायरच नसते. ट्रकला पत्ताच नाही. काही ट्रकमध्ये हे हाताने सांगता येतं, मॅन्युअलमध्ये ते पान शोधा आणि ट्रिपच्या आधी शोधा. फोर्डच्या एफ-१५० मध्ये ब्लाइंड स्पॉटचा रडार टेललाइटच्या आत आहे, म्हणजे रॅकवरचं चाक लाइटसमोर आलं की रडारसमोरही आलं. सायबरट्रकला बंपरवरचे ते गोल सेन्सर नाहीतच, सगळं कॅमेऱ्यांवर, आणि हौद्याचं झाकण लावलं की आतल्या आरशातून मागचं काही दिसत नाही, मग मागचा कॅमेरा झाकणं किती महागात पडेल ते तुम्हीच बघा. त्याचं चार्जिंगचं तोंड मागच्या डाव्या चाकाशी आहे, त्यामुळे रिव्हर्स लावायला लागतं, आणि रॅकवर सायकली असतील तर त्या आधी चार्जरला टेकतात आणि केबल पोचत नाही. म्हणजे अर्ध्या वाटेत सायकली उतरवा. छपरावर न्यायचं तर सेन्सर मोकळे राहतात, पण हायवेला वारा अडतो आणि रेंज बघता बघता उतरते. आणि नंबरप्लेट झाकू नका.

गादी फेकून द्या असं मी म्हणत नाही. मी अजून वापरतो, पण दोनच सायकली, दोन्ही चाकं दोन सेन्सरच्या मधल्या फटीसमोर येतील अशी, आणि चाक पट्ट्याने फळीला बांधून, कारण वळलेलं चाक बरोबर सेन्सरसमोरच येऊन थांबतं. झडप शिवून घेतलीये. आणि निघण्याआधी एक बादली. ट्रकच्या मागे दीड मीटरवर उलटी ठेवायची, आधी मधे, मग डावीकडे, मग उजवीकडे, आत बसलेल्याने गिअर रिव्हर्सला टाकून पाय ब्रेकवर दाबून धरायचा, ट्रक जागचा हलवायचा नाही, आणि सांगायचं दिसते का, वाजते का. वाजायला नको तेव्हा वाजली किंवा वाजायला हवी तेव्हा नाही वाजली तर बटणाला हात लावायचा नाही. सायकल खोलायची आणि परत बांधायची. शिडी मोकळी होईपर्यंत.

आणि एवढं करूनही जमलंच नाही, अलर्ट बंदच करावा लागला, तर डॅशबोर्डवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा, मागचे सेन्सर बंद आहेत, आणि प्रत्येक रिव्हर्सला एक माणूस खाली उतरून मागे उभा. अपवाद नाही.

वेळ संपली, कळलं. ट्रक खाली पार्किंगमध्ये तिसऱ्या रांगेत आहे, बादली आणि पिवळी चिकटपट्टी आणलीये, प्रत्येकाने आपापल्या ट्रकचे सेन्सर चिकटपट्टीने गोल करून दाखवायचे. ज्यांनी सायकल आणलीये त्यांनी ती घेऊनच खाली या.